राजकीय रूपककथेत सत्ता सडताना भाषेतून कशी दाखवायची

राजकीय रूपककथा लिहायला बसलेले बरेच जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी ठरवतात की सिंह म्हणजे अमुक नेता, कोल्हा म्हणजे त्याचा उजवा हात, मेंढरं म्हणजे जनता, मग त्या प्राण्यांकडून चोरी, खून, फितुरी सगळं करवून घेतात आणि झाली रूपककथा असं समजतात. पण यात वाचकाला कोण कोण आहे ते पहिल्या पानावरच कळतं आणि उरलेली पानं तो नुसता ताळा जमवत बसतो. माझं ठाम मत आहे की अशा गोष्टीत भ्रष्टाचार घटनेत दिसायच्या आधी वाक्यात दिसला पाहिजे. कोठारातलं धान्य कमी व्हायच्या आधी 'आपलं धान्य' मधलं 'आपलं' गेलेलं असलं पाहिजे. ते कसं करायचं ते सांगतो. हे लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण अशा कादंबरीवर परीक्षण किंवा निबंध लिहायचा असेल तरी याच जागा तपासायच्या.

सगळ्यात आधी एक वाक्य पक्कं करा. साधं, लहान मुलाला पाठ होईल असं, अटी नसलेलं. जॉर्ज ऑरवेलच्या 'ॲनिमल फार्म' या कादंबरीत (१७ ऑगस्ट १९४५ ला आली) शेतावरचे प्राणी मालक जोन्सला हाकलून देतात आणि हळूहळू सत्ता डुकरांच्या हातात जाते. तिथे कोठाराच्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरात सात नियम रंगवलेले असतात, आणि पुढे त्या नियमांना एकेक अट चिकटत जाते. कुणी बिछान्यात झोपायचं नाही, याचं होतं चादर घातलेल्या बिछान्यात झोपायचं नाही. दारू प्यायची नाही, याचं होतं अती प्यायची नाही. कुणी कुणाला मारायचं नाही, तिथे 'विनाकारण' येऊन बसतं. इथे बघण्यासारखी गोष्ट ही की मूळ नियम कुणी नाकारतच नाही. सत्तेला जुनी शपथ मोडायची नसते, तिला ती शपथ जशीच्या तशी भिंतीवर हवी असते, फक्त स्वतःला वळसा घालून जाता येईल एवढी फट हवी असते. मराठीत तर ही सोय आणखी चांगली आहे कारण आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे अट वाक्याच्या पोटात घुसवता येते आणि शेवटचं 'मारू नये' जसं होतं तसंच कानावर पडतं, ऐकणाऱ्याला वाटतं काहीच बदललं नाही.

पण हे चालायचं असेल तर वाचकाला मूळ वाक्य पक्कं आठवलं पाहिजे. म्हणून ते बिघडवायच्या आधी किमान तीनदा येऊ द्या आणि दर वेळी वेगळ्या तोंडून, एकदा शपथ म्हणून, एकदा कुणीतरी पिल्लाला शिकवताना, एकदा भांडणात पुरावा म्हणून. ऑरवेलकडे क्लोव्हर नावाची घोडी आहे, तिला काहीतरी वेगळं होतं असं अंधुक आठवतं पण तिला नीट वाचता येत नाही, मग ती शेळीला वाचून दाखवायला सांगते, आणि भिंतीवर तर तसंच लिहिलंय म्हटल्यावर गप्प होते. वाचकाला स्पष्ट आठवतंय आणि पात्राला अंधुक, या दोघांमधल्या अंतरावर अख्खी गोष्ट चालते. ते अंतर नसेल तर राग येत नाही, आणि राग आला नाही तर रूपककथा लिहून उपयोग काय.

आता कर्त्याकडे या. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात इथे जबरदस्त हत्यार आहे आणि लोक ते वापरतच नाहीत. आपल्याकडे 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. 'आपण' मध्ये ऐकणारा आत असतो, 'आम्ही' मध्ये तो दाराबाहेर. नुसत्या या एका बदलाने क्रांतीचं सरकार होताना दाखवता येतं, एक शब्दही समजावून न सांगता. एक उदाहरण करून बघू. समजा एक तळं आहे, तिथे एका बगळ्याची दहशत होती, बदकांनी पुढाकार घेऊन सगळ्यांच्या मदतीने त्याला हाकललं. आता पुढची पाच वाक्यं कथेत लांब लांब अंतराने येतात असं समजा:

'आपण बगळ्याला हाकललं. आता पाणी सगळ्यांचं.'

'पाणी सगळ्यांचं आहे म्हणूनच ते जपून वापरलं पाहिजे असं आम्हाला वाटतं.'

'पाण्याच्या समान वाटपाच्या दृष्टीने उत्तरेचा काठ तात्पुरता राखीव ठेवण्यात येत आहे.'

'राखीव काठावर आढळलेल्या बेडकांबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.'

'पाणी सगळ्यांचंच होतं, आहे आणि राहील. कृपया रांगेत यावे.'

पहिल्या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे, आणि कुणाला हाकललं तेही आहे. दुसऱ्यात 'आपण' चं 'आम्ही' झालं, पण वाक्य इतकं समजूतदार आहे की कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि येऊच नये. तिसऱ्यात कर्ताच नाही. राखीव कोण ठेवतंय? कुणीच नाही, ते 'ठेवण्यात येत आहे', जसं ऊन पडतं किंवा वारा सुटतो. आणि 'तात्पुरता', हा शब्द तर अशा कथेत फार जपून वापरा, कारण तो एकदा आला की वाचकाने मनात तारीख लिहून ठेवली पाहिजे आणि ती तारीख कधीच येता कामा नये. चौथ्यात बेडूक मेलेत. मेले असं कुठेही म्हटलेलं नाही, 'योग्य ती' म्हटलंय, आणि योग्य काय ते कोण ठरवणार हा प्रश्न विचारायला वाक्यात जागाच ठेवलेली नाही. बेडूक कर्ता नाहीत, कर्मही नाहीत, त्यांच्या 'बाबत' काहीतरी झालंय. पाचव्यात पहिलं वाक्य परत आलंय, आणखी जोर देऊन, आणि त्याला रांग जोडली आहे. या पाच वाक्यांच्या मध्ये तुम्ही काय घटना घालाल ते तुमच्यावर, पण घटना बदलल्या तरी ही उतरंड टिकते.

लक्षात घ्या, हा बदल एका झटक्यात करायचा नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकदम उडी मारली तर बदकं खलनायक वाटतील, हळूहळू गेलात तर ती माणसासारखी वाटतील, आणि ते जास्त भयंकर आहे.

संबोधनांचंही तसंच. सुरुवातीला सगळे एकमेकांना नावाने, 'अरे-तुरे' करत बोलतात. मग पुढाऱ्याला कुणीतरी प्रेमाने 'तुम्ही' म्हणतं, अगदी मनापासून, आणि पुढारी ते नाकारतो सुद्धा. मग नाकारत नाही. मग नाव जातं आणि पदवी राहते, शेवटी तो समोर असतानाही लोक त्याच्याबद्दल तिसऱ्या पुरुषात बोलायला लागतात. ऑरवेलचा नेपोलियन, म्हणजे डुकरांचा पुढारी, आधी साधा कॉम्रेड असतो, पुढे त्याचं नाव नुसतं घेणं बंद होतं, आपले नेते कॉम्रेड नेपोलियन असं म्हणावं लागतं, आणि डुकरं त्याला सगळ्या प्राण्यांचा पिता, बदकपिल्लांचा मित्र असल्या पदव्या शोधून काढतात. आणि पदव्या वाढतात तसा तो स्वतः कमी बोलतो, कमी दिसतो. तुमच्या कथेतही हे असं व्यस्त प्रमाणच ठेवा.

मग बोलतं कोण? प्रवक्ता. माझ्या मते अख्ख्या कथेतलं सगळ्यात अवघड पात्र हेच, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथे करायची. ऑरवेलचा स्क्वीलर, म्हणजे नेपोलियनच्या वतीने बोलणारं डुक्कर, दूध आणि सफरचंदं डुकरांनाच का, हे समजावतो ती जागा परत वाचा. तो आधी त्याग दाखवतो, आमच्यातल्या बऱ्याच जणांना दूध आवडतही नाही म्हणतो. मग शास्त्राने सिद्ध झालंय म्हणतो. मग म्हणतो की हे आम्ही तुमच्यासाठीच करतोय, आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल, आणि जोन्स परत यावा असं तुम्हाला वाटतं का? त्याग, शास्त्र, भीती, याच क्रमाने, आणि शेवट अशा प्रश्नावर ज्याला 'नाही' सोडून दुसरं उत्तर नाही. पुढे शिधा कमी होतो तेव्हा तो 'कपात' म्हणत नाही, 'फेररचना' सारखा शब्द वापरतो. तुमचा प्रवक्ता लिहिताना त्याला मूर्ख किंवा लबाड करू नका. त्याचं भाषण वाचून तुम्हाला स्वतःला क्षणभर पटलं पाहिजे, नाही पटलं तर ते तळ्यातल्या कासवाला तरी का पटावं.

घोषणांबद्दल थोडक्यात. घोषणा पटवण्यासाठी नसते, दुसऱ्याचा आवाज बुडवण्यासाठी असते. ऑरवेलची मेंढरं चार पाय चांगले, दोन पाय वाईट हे नेमकं कुणीतरी प्रश्न विचारायला उठलं की ओरडायला लागतात. म्हणून घोषणा कुठे येते ते तिच्या अर्थापेक्षा महत्त्वाचं. आणि ती यमकात, लयीत असू द्या, कारण शेवटी तिचा अर्थ उलटा करायचा असतो आणि लय तीच राहिली की ओरडणाऱ्यांना फरक कळत नाही.

आता सत्तेची स्वतःची भाषा किती मोठी असावी? इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही भारी लेखकांनी करून दाखवल्यात. एक, भाषा आकसत न्यायची. रशियन लेखक साल्तिकोव-श्चेद्रिनने झारच्या सेन्सॉरशिपखाली आडवळणाने लिहिण्यालाच इसापाची भाषा म्हटलं, आणि त्याच्या 'एका शहराचा इतिहास' (१८६९-७०) मध्ये एका नगरप्रमुखाच्या डोक्यात मेंदूच्या जागी वाजणारं यंत्र निघतं, ज्यातून दोनच वाक्यं येतात, एक खपवून घेणार नाही आणि दुसरं उद्ध्वस्त करीन. एवढ्यावर तो शहर चालवतो. राज्य करायला याहून जास्त शब्द लागत नाहीत, हे एखाद्या लांबलचक लेखाने जेवढं सांगितलं नसतं तेवढं ते डोकं सांगतं.

दुसरी वाट म्हणजे भाषा इतकी फुगवायची की कुणालाच कळू नये. चेक नाटककार वाक्लाव हावेलच्या 'द मेमोरँडम' (१९६५) या नाटकात एका ऑफिसमध्ये शास्त्रशुद्ध म्हणून प्टीडेपे नावाची कृत्रिम भाषा लादली जाते, शब्द जितका कमी लागणारा तितका लांब, एका प्राण्याच्या नावाला तर ३१९ अक्षरं. संचालकालाच त्या भाषेत पत्र येतं, ते त्याला वाचता येत नाही आणि भाषांतर करून घ्यायला ज्या परवानग्या लागतात त्यांच्या चक्रात तो अडकतो. इथे कुणी कुणाला मारत नाही, नुसत्या भाषेनेच माणूस हतबल होतो. यातली कुठली वाट घ्यायची हे तुमची सत्ता कशी आहे यावर ठरवा. दंडुक्यावर चालणारी असेल तर पहिली, फायलीवर चालणारी असेल तर दुसरी, पण दोन्ही एका पात्रात कोंबू नका.

नवे लेखक राज्यकर्त्यांच्या भाषेवर एवढा वेळ घालवतात की प्रजेची भाषा तशीच राहते, ही फार मोठी कमतरता आहे. सोसणाऱ्यांची वाक्यंही बदलली पाहिजेत. आधी ती विधानं करतात, 'पाणी आपलं आहे.' मग विचारतात, 'पाणी आपलं होतं ना?' मग अर्धवट सोडतात, 'पाणी तर…' 'ॲनिमल फार्म' मधल्या बॉक्सर घोड्याकडे शेवटी दोनच वाक्यं उरतात, मी आणखी काम करेन आणि नेपोलियनचं नेहमीच बरोबर असतं, आणि तो स्वतःला धीर द्यायला ती म्हणतो, कुणाची खुशामत म्हणून नाही, म्हणून तर ते वाचताना सहन होत नाही. त्याला घेऊन जाणाऱ्या गाडीवर घोडे कापणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. बेंजामिन गाढवाला पहिल्यापासून उत्तम वाचता येत असतं पण तो कधी वाचत नाही, आणि वाचून दाखवतो तेव्हा गाडी निघायच्या बेतात असते. नंतर स्क्वीलर सांगतो की गाडी जनावरांच्या डॉक्टरने विकत घेतली होती, जुनं नाव खोडायचं राहून गेलं, आणि प्राण्यांना हायसं वाटतं. तुमच्या कथेत कुणाला वाचता येतं, कुणाला येत नाही आणि कुणाला येऊनही तो गप्प बसतो, याची यादी लिहायच्या आधीच करून ठेवा.

आणि बंडखोराला मोठं भाषण देऊ नका. फार मोह होतो, मान्य आहे, मनातलं सगळं त्याच्या तोंडी घालावंसं वाटतं. पण तो बोलला की वाचकाने स्वतः शोधायचं ते आयतं मिळतं.

निवेदकाचंही हेच. 'खोटं', 'क्रूर', 'ढोंगी', 'भ्रष्ट' हे शब्द निवेदनातून शोधून शोधून काढा. निवेदकाने बखरकारासारखं सांगत जावं, अमुक दिवशी काठ राखीव झाला, तमुक दिवशी बेडूक दिसले नाहीत.

प्राणी निवडताना मराठीत एक अडचण येते ती आधीच ओळखा. कोल्हा धूर्त, गाढव मूर्ख, बगळा ढोंगी हे आपल्या भाषेत इतकं मुरलंय की त्यांना नेता केलं तर निकाल आधीच लागतो. म्हणून वरच्या उदाहरणात बगळा जुना जुलमी आहे आणि नवी सत्ता बदकांची, ज्यांच्याबद्दल आपलं काही वाईट मत नाही. पण निवड मिळमिळीत पण नको. १९४४ मध्ये जोनाथन केप या प्रकाशकाने 'ॲनिमल फार्म' नाकारताना सत्ताधारी म्हणून डुकरांऐवजी दुसरा प्राणी असता तर कमी झोंबलं असतं असं कळवलं होतं. ऑरवेलने डुकरंच ठेवली, आणि बरं केलं.

मसुदा झाला की असा माणूस गाठा ज्याला तुमच्या डोक्यातलं राजकारण माहीतच नाही. त्याला नुसतं विचारा, कितव्या पानावर संशय आला? पहिल्याच पानावर म्हणाला तर प्राणी किंवा नावं फार उघडी पडलीत, ती बदला. मधे कुठेतरी म्हणाला तर त्या पानावरचं वाक्य अधोरेखित करून घ्या, तिथे कर्ता गेलाय की 'तात्पुरतं' आलंय ते बघा आणि त्याच्या आधीच्या दोन पायऱ्या पुरेशा हळू आहेत का ते तपासा. आणि शेवटपर्यंत आलाच नाही म्हणाला, तर पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात बसलेलंच नाही, ते सुरुवातीच्या पानांत आणखी एकदा कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या.