बातमीवर मत लिहिण्याआधी आदेशाचा कागद मागवावा

सुरक्षिततेची एखादी बातमी कोकण किनाऱ्यावर येते तेव्हा ती बंदरावर पोहोचण्याआधी चाकरमान्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचलेली असते आणि मुंबईहून ‘गावाला काय चाललंय?’ असे फोन सुरू झालेले असतात. अशा वेळी गावातल्या माणसाने मत देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते मत टिकावे, कुणाच्या जिवावर उठू नये आणि शक्य झाल्यास कार्यालयाच्या टेबलापर्यंत पोहोचावे, अशा रीतीने लिहिणे जमले पाहिजे.

आरंभी बातमी धोक्याची आहे की मनाईची, हे ठरवावे. धोक्याच्या बातमीवर लिहिताना वेळ आणि स्रोत या दोन गोष्टी पहिल्याच वाक्यात याव्यात. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट सापडली आणि तीत एके-४७ रायफली निघाल्या. जिल्ह्यात सतर्कतेचा इशारा दिला गेला. त्याच दिवशी तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की, ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडल्यामुळे ती सोडून द्यावी लागली होती आणि पुढे वाहत किनाऱ्याला लागली. ‘आपल्या किनाऱ्यावर अतिरेकी उतरले’ असे सकाळी लिहिणारा दुपारनंतर उघडा पडतो. ‘बेवारस बोटीत शस्त्रे सापडल्याचे पोलिसांनी सांगितले आहे, बोट कोणाची हे दुपारी बारापर्यंत कळलेले नाही’ असे लिहिणाऱ्याचे वाक्य मात्र संध्याकाळीही खरेच राहते. भीती वाटली असे लिहिण्यात कमीपणा नाही. १९९३ च्या स्फोटांसाठीची स्फोटके याच जिल्ह्यात शेखाडीला उतरली होती, त्यामुळे रायगडकरांची भीती हवेतली नाही.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. अनोळखी माणसांचे वर्णन, त्यांच्या गाडीचा क्रमांक किंवा छायाचित्र गटावर कधीही टाकू नये. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या मारहाणीत मारले गेले, त्याआधी त्या परिसरात चोर फिरत असल्याच्या अफवा पसरलेल्या होत्या. संशय खरा वाटत असेल तर पोलीस पाटलांना सांगावे, ११२ वर कळवावे, आणि समुद्रात काही दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा.

मनाईच्या बातमीचे तंत्र वेगळे आहे. गणपती, शिमगा, निवडणुका किंवा एखादे आंदोलन जवळ आले की ‘जिल्ह्यात जमावबंदी’ असा मथळा येतो आणि लोक एक तर घाबरतात, नाही तर संतापतात; मूळ आदेश वाचणारा क्वचितच भेटतो. तो मिळवून प्रथम कलम पाहावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली शस्त्रे, लाठ्या, चिथावणीखोर घोषणा यांना मनाई असते, तर ३७ (३) खाली जमाव आणि मिरवणुका यांना. राज्य शासनाच्या मंजुरीविना ही दुसरी मनाई पंधरा दिवसांपेक्षा अधिक चालत नाही. लोक अजून ‘१४४ लागली’ म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. त्यानंतर मुदत, हद्द आणि अपवाद वाचावेत. लग्न आणि अंत्ययात्रा बहुधा वगळलेल्या असतात, आणि ‘आता मयतालाही जायचे नाही का?’ हा गटावरचा अर्धा संताप तेवढ्यानेच निवतो.

उरलेला संताप मात्र रास्त असू शकतो, आणि तो नेमका लिहावा. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधील इंटरनेटबंदी आणि जमावबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि सनदशीर मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. ‘ही हुकूमशाही आहे’ या वाक्याला कोणताही अधिकारी उत्तर देत नाही. ‘आमच्या तालुक्यात कोणती घटना घडली म्हणून हा आदेश काढला, याचे कारण आदेशात नमूद नाही’ या वाक्याला द्यावे लागते. विधानसभेने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकालाही हेच लागू आहे. बाजूने लिहा वा विरोधात, ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येतले जे शब्द आपल्याला खटकतात किंवा पटतात, ते जसेच्या तसे उतरवून मगच पुढे लिहावे.

‘माझे वैयक्तिक मत’ असे वर लिहिल्याने सगळे माफ होते, हा समज सोडावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमधील एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्यातूनच पुढे आलेल्या याचिकेत आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयात २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. तरी भारतीय न्याय संहितेतील कलम १९६ आणि ३५३ आहेतच. समूहांत शत्रुत्व वाढवणारा किंवा अफवा पसरवणारा मजकूर त्यांत अडकू शकतो. म्हणून टीका आदेशावर, निर्णयावर, पदावर करावी. अमुक वाडीचे, तमुक मोहल्ल्याचे असे म्हणून कोणत्याही वस्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ज्यांच्याबरोबर एकाच जेटीवर मासळीचा लिलाव करायचा आहे, त्यांच्याविषयी हे लिहिले जात असते, हा भाग वेगळाच.

लिहून झाल्यावर ते योग्य ठिकाणी पाठवावे. कलम १६३ खालील आदेश बदलावा किंवा रद्द करावा असा अर्ज बाधित व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी मिळते. आदेशामागचा अहवाल माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतो. उत्तराची मुदत तीस दिवस, आणि जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तास. सुरक्षेचे कारण देऊन नकार आला तरी तो कारणांसह लेखी मिळायला हवा. अर्जाची पोच घ्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का ते तिथेच उभे राहून पाहावे.

आणि बातमी बदलली, तर दुरुस्ती ज्या गटावर मत टाकले होते त्याच गटावर टाकावी, जुना मजकूर गुपचूप पुसू नये; तो एव्हाना चार गटांवर पुढे गेलेला असतो, आणि त्या लोकांना दुरुस्तीसोबत मूळ वाक्यही दिसले पाहिजे.