नेट मंद असताना रिमोट डेस्कटॉप सुसह्य कसा करावा

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवताना, आपण अख्खं वाक्य टाइप करून हात मागे घ्यायचे आणि अक्षरं मग सवडीने एकेक करून उमटायची, हा छळ ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणं विंडोजच्या 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन'ची आहेत. इतर प्रोग्रॅममध्ये बटणांची नावं वेगळी असतील, युक्ती तीच.

आधी दुखणं ओळखा

सेटिंगला हात लावण्याची घाई नको. मंदपणा दोन तऱ्हांचा असतो. पहिल्यात नेटचा पाइप अरुंद असतो, म्हणून खिडकी उघडली की चित्र चौकोनाचौकोनांनी भरत जातं. दुसऱ्यात पाइप चांगला रुंद असतो, पण निरोप पोचायलाच उशीर होतो. चित्र स्वच्छ असतं, फक्त क्लिक केल्यावर क्षणभर सगळं ढिम्म.

स्पीड टेस्टमधला मोठा आकडा पहिल्या तऱ्हेबद्दल बोलतो. दुसरीचं टोकाचं उदाहरण म्हणजे भूस्थिर उपग्रहावरचं नेट. हा उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची क्लिक वर जाऊन खाली येते, मग उत्तर वर जाऊन खाली येतं. प्रकाशाच्या वेगानेही त्यात जवळपास अर्धा सेकंद जातो. तिथे जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन तो अर्धा सेकंद वाचत नाही.

मोजायला सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग (ping) लिहून पुढे पलीकडच्या संगणकाचा पत्ता आणि हायफन टी (-t) टाका, मिनिटभराने कंट्रोल-सी दाबा. शेवटी निरोप जाऊन परत यायला लागलेला सरासरी वेळ आणि हरवलेली पाकिटं, म्हणजे वाटेत गळालेले माहितीचे तुकडे, दिसतात. माझा ठोकताळा असा: १०० मिलिसेकंदांच्या आत काही जाणवत नाही, ३०० च्या वर चिडचिड होते. आकडा स्थिर न राहता मधूनच उसळत असेल, तर संशय घरच्याच नेटवर घ्या. उत्तरच आलं नाही तरी दचकू नका, बऱ्याच ठिकाणी फायरवॉल पिंग अडवते.

घरचा रस्ता मोकळा करा

मी एकदा दोन संध्याकाळी सेटिंगशी झटापट केली आणि शेवटी कळलं, की शेजारच्या खोलीतला फोन निवांत फोटोंचा बॅकअप चढवत होता. अपलोड तुंबला की तुमची प्रत्येक कळ त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी राहते. पिंग चालू ठेवून बॅकअप थांबवा, आकडा धपकन खाली आला तर चोर सापडला. क्लाउड सिंक आणि अपडेट कामापुरते थांबवा. शक्य असेल तर वाय-फायऐवजी केबल जोडा; एवढ्यानेच पिंगची उसळी बहुतेकदा बसते.

मग पडदा हलका करा

रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून 'शो ऑप्शन्स' दाबा.

'डिस्प्ले' टॅबपासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, १२८० × ७२० वर ९,२१,६००. म्हणजे निम्म्याहूनही कमी चित्र पाठवायचं. अक्षरं थोडी मोठी दिसतील, जागा कमी पडेल, पण काम पुढे सरकेल. दोन मॉनिटर वापरत असाल तर एकावर या. रंग १६ बिटवर आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या सर्व्हरवर तो लागू पडतो, पण नव्या आवृत्त्यांत ३२ बिटला जास्त चांगलं कॉम्प्रेशन मिळू शकतं, म्हणून दोन्ही लावून बघा आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा.

'एक्स्पीरियन्स' टॅबमध्ये वेग आपोआप ओळखण्याचा पर्याय असतो. तो ठीकठाक काम करतो, पण नेट खरंच रडतखडत चालत असेल तर यादीतून कमी वेगाचं ब्रॉडबँड हाताने निवडा. डेस्कटॉपचं चित्र, ॲनिमेशन आणि खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणं, या तिन्हींवरची खूण काढा. फॉन्ट स्मूदिंग मी शेवटी बंद करते, कारण दिवसभर खडबडीत अक्षरं वाचून डोळे दुखतात. बिटमॅप कॅशिंग मात्र चालू राहू द्या; एकदा आलेली चित्रं डिस्कवर साठवली जातात, पुन्हा मागवावी लागत नाहीत.

'लोकल रिसोर्सेस'मध्ये आवाज बंद करा, प्रिंटर आणि ड्राइव्ह काढून टाका, क्लिपबोर्ड ठेवा. हे सगळं झालं की 'जनरल' टॅबवरून वेगळ्या नावाने फाइल सेव्ह करा, म्हणजे चांगल्या नेटसाठीची जुनी सेटिंग शाबूत राहतात.

यूडीपी चालतंय का ते पाहा

टीसीपी आणि यूडीपी या नेटवरून पाकिटं पाठवण्याच्या दोन पद्धती. २०१२ मध्ये आलेल्या आरडीपी ८.० (रिमोट डेस्कटॉप ज्या नियमांनी बोलतो त्यांची आवृत्ती) पासून हे कनेक्शन टीसीपीसोबत यूडीपीही वापरू शकतं. पाकिटं हरवणाऱ्या नेटवर याचा चांगला फायदा होतो, कारण टीसीपीत एक पाकीट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी खोळंबतात. फुल स्क्रीनमध्ये वरच्या पट्टीवर सिग्नलच्या दांड्यांचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की माहिती मिळते. यूडीपी दिसत नसेल तर यूडीपीचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (संगणकाचं नेटवरचं दार) अडलाय का, हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारा. वेगाच्या हव्यासापोटी हा पोर्ट थेट इंटरनेटवर मात्र उघडू नका. व्हीपीएनच्या, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीच्या, आतूनच जा.

उशीरच असेल तर सवयी बदला

दुखणं उशिराचं निघालं तर वरच्या सेटिंगने थोडंच भागतं. फेऱ्या कमी करा. चाक फिरवून स्क्रोल करण्याऐवजी पेज डाउन दाबा, मेनू शोधत हिंडण्यापेक्षा शॉर्टकट वापरा. पलीकडच्या ब्राउझरमधलं स्मूद स्क्रोलिंग बंद करा, आपोआप चालणारे व्हिडिओ थांबवा. मोठी फाइल इकडून पाठवण्यापेक्षा ती नेटवर असेल तर थेट पलीकडच्या संगणकावरच उतरवून घ्या. आणि लांबलचक ईमेल लिहायचा असेल तर तो आपल्याच संगणकावर नोटपॅडमध्ये लिहा, कॉपी करा आणि पलीकडे एका फटक्यात पेस्ट करा.