मोटार अपघाताचा दावा: घरच्यांनो, या चुका टाळा

जखमीला स्ट्रेचरवर घेताना डॉक्टर विचारतात, "काय झालं?" घाबरलेला भाऊ सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेवढंच उतरतं. मागून टेम्पोने धडक दिली होती, हे त्या कागदावर येतच नाही. मग दोन वर्षांनी विमा कंपनीचे वकील नेमका तोच कागद पुढे करतात आणि विचारतात, दुसरं वाहन होतं कुठे? माझ्या मावसभावाच्या दाव्यात अगदी असंच झालं. टेम्पोचा नंबर होता, पाहणारा माणूस होता, तरी त्या दोन शब्दांचा खुलासा करताना आमची दमछाक झाली.

म्हणून दवाखान्यात जो कोणी बोलेल, त्याने कोणत्या वाहनाची धडक बसली ते स्पष्ट सांगावं आणि केसपेपरवर काय लिहिलंय ते तिथेच वाचून घ्यावं. तिथे चूक राहिलीच, तर पोलिसांकडच्या जबाबात पहिल्याच वेळी सगळं नीट सांगा. जवळपासच्या दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते मिळवण्यासाठी घरातला एक माणूस लगेच पाठवा. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवायचा असतो. त्यांच्या भरवशावर बसू नका, प्रती मागून घ्या. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स हे सगळं आपल्या फाइलमध्ये हवं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना मे 2025 पासून लागू आहे. दागिने मोडण्याआधी रुग्णालयात याची चौकशी करा.

"केसचा निकाल लागू दे, मग बघू"

ही फार महागात पडणारी समजूत. चालकावरचा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. चालक तिकडे निर्दोष सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप बुडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते. पण मुदत मात्र कडक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, हे खरं, पण त्या आशेवर आपला दावा टांगून ठेवू नका. अपघात लांब कुठेतरी झाला म्हणून अडायचं कारण नाही. आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

माणूस कमवत होता, कागद मात्र नाही

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. एक हिशेब मांडून दाखवतो. बत्तीस वर्षांचा प्लंबर, महिना 20,000 कमावणारा. मागे बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के धरतात, म्हणजे झाले 28,000. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले 21,000. वर्षाचे 2,52,000. या वयाला 2009 च्या निकालाने 16 चा गुणक ठरवला आहे, म्हणजे 40,32,000 रुपये. प्रेमाच्या माणसाला मुकल्याची आणि अंत्यविधीच्या खर्चाची रक्कम त्यावर वेगळी.

आता समजा, त्याच्या कमाईचा एकही कागद घरात सापडला नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने 10,000 धरले. तोच माणूस, तेच कुटुंब, आणि रक्कम निम्मी, 20,16,000.

म्हणून त्याचा फोन फॉरमॅट करू नका. यूपीआयचे व्यवहार, गिऱ्हाइकांचे मेसेज, माल घेतल्याची बिलं, डायरी, बँकेचं पासबुक, जुनी आयकर विवरणपत्रं सगळं जपा. नेहमीचे दोन-तीन गिऱ्हाईक साक्षीला यायला तयार असतील तर उत्तम. मृत्यूनंतर घाईने फुगवून भरलेलं विवरणपत्र मात्र उलटतं. त्यावर शंका घेतली जाते आणि मग खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

घरातली बाई गेली तर "ती काही कमवत नव्हती" असं घरचेच सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, शेतातलं काम या सगळ्याचं मोल धरलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये बजावलं आहे. ती दिवसभर काय काय करायची, ते अर्जात आणि साक्षीत एकेक करून सांगा.

जखमी माणूस असेल तर

मावसभावाच्या बिलांची पिशवी मावशीने माझ्यापुढे रिकामी केली, तेव्हा निम्मे कागद कोरे निघाले. मेडिकलच्या दुकानातला तो गुळगुळीत कागद, वर्षभरात छपाई उडून गेलेली. कुठे फक्त दुकानाचं नाव, कुठे तेही नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, मूळ बिल वेगळं ठेवा. ड्रेसिंगला जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं, फिजिओथेरपी, सेवेला ठेवलेली बाई, पुढच्या शस्त्रक्रियेचा डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाज हेही मागता येतं.

अपंगत्वाच्या टक्क्यातही लोक फसतात. दाखल्यावरचा टक्का आणि कमाईवर झालेला परिणाम एकच नाही, हे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. उजव्या हाताचा अंगठा गमावलेला शिंपी आणि तोच अंगठा गमावलेला शिक्षक यांचा दाखला एकसारखा असेल, पण शिंप्याचा धंदाच बसतो. आधी काय काम होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे सांगा. नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष घ्यायला वकिलांना आग्रह करा.

मेडिक्लेममधून बिल मिळालं म्हणून उपचारांचा खर्च मागायचा राहू देऊ नका. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2025 मध्ये दिला आहे. आयुर्विम्याचे पैसेही वजा होत नाहीत.

धडक देऊन वाहन पळालं आणि सापडलंच नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. आणि चूक आपल्याच माणसाची असेल, गाडीही त्याचीच असेल, तर पॉलिसी उघडून मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते पाहा. हा दावा थेट विमा कंपनीकडे करायचा असतो. कितीतरी घरांत ही पॉलिसी कपाटातच पडून राहते.

सही करण्याआधी

दवाखान्याच्या आवारातच कोणीतरी भेटतो, "सगळं मी बघतो" म्हणतो आणि कोऱ्या वकालतनाम्यावर, म्हणजे आपली केस चालवायचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर, सही मागतो. देऊ नका. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड जरूर करा, पण वरच्यासारखा हिशेब स्वतः कागदावर मांडून मगच. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर उच्च न्यायालयात अपिलाला 90 दिवस असतात.

निकाल लागला की काम संपलं असं समजून अनेक घरं पत्ता बदलतात, फोन नंबर बदलतात आणि जमा झालेली रक्कम तशीच पडून राहते. अशा न उचललेल्या रकमांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. अर्जात बँक खात्याचा तपशील, आधार आणि पॅन द्या, पत्ता बदलला की लेखी कळवा, आणि मुलांच्या नावाने ठेवलेल्या मुदतठेवीची पावती व तिची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.