वेल आणि फाटे: ईश्वरैक्याचा चार आठवड्यांचा अभ्यास

देवाशी एक होणे म्हणजे काय, याची उत्तरे ख्रिस्ती परंपरांत वेगवेगळी आहेत. ती समजून घ्यायला योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय, वचने १ ते ११, एवढा उतारा पुरतो. द्राक्षवेल आणि फाट्यांचा हा भाग. एक वही घ्या, रोज पहाटे ३० मिनिटे ठेवा. एका आठवड्यात एकच परंपरा. दोन पद्धतींची भेळ केली की कुठलीच हाती लागत नाही.

पहिला आठवडा बुद्धीचा. वचने ४ ते १० मध्ये 'राहणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद १० वेळा येते. मराठी भाषांतरात ते कुठे कुठे दिसते, तिथे रेघ मारा. मग मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याच्या धाटणीने वहीत एक प्रश्न लिहा: देवाशी एक झालेला माणूस माणूस म्हणून उरतो का? खाली तुमच्या मताविरुद्ध तीन आक्षेप, मग त्यांना छेद देणारे एक वचन, मग तुमचे उत्तर, शेवटी प्रत्येक आक्षेपाला वेगळा जबाब. आक्षेप लेचेपेचे लिहिले तर सगळी मेहनत फुकट. देव आहे इथपर्यंत बुद्धी पोचते, त्रैक्य, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे हे, मात्र ती सिद्ध करू शकत नाही, असे थॉमस मानतो. म्हणून पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा: डावीकडे बुद्धीने मिळालेले, उजवीकडे श्रद्धेने स्वीकारलेले.

मराठी वाचक घसरतो तो इथेच. 'एक होणे' म्हटले की आपल्याला सायुज्य आठवते, पाण्यात विरघळलेला मिठाचा खडा आठवतो. प्राचीन ख्रिस्ती आचार्यांचा दृष्टान्त वेगळा आहे: भट्टीतले लोखंड. ते लाल होते, चटका देते, उजळते, तरी लोखंडच राहते. चौदाव्या शतकात बायझंटाईन (ग्रीक ऑर्थोडॉक्स) संन्यासी ग्रेगरी पालामास याने हेच काटेकोर मांडले. देवाचे सत्त्व अगम्य, पण त्याच्या क्रियाशक्तींत माणूस खरोखर सहभागी होतो.

दुसऱ्या आठवड्यात वही मिटा. बाराव्या शतकातल्या गिगो या कार्थुसियन (एकांतवासी कॅथलिक संघाच्या) संन्याशाची शिडी चार पायऱ्यांची: वाचन, मनन, प्रार्थना, निःशब्द चिंतन. १० मिनिटे मोठ्याने, संथ वाचा. जो शब्द अडवेल त्यावर १०. मग ५ मिनिटे देवाशी बोला आणि ५ गप्प बसा. तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेगाची सवय असलेल्यांनी रोज एकच वचन घ्यावे. चौथी पायरी ओढून आणता येत नाही. प्रयत्न केलात तर डुलकी लागेल.

तिसरा आठवडा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या जपाचा: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' १०० गाठींची दोरी असेल तर उत्तम, नाहीतर साधी सुतळी गाठी मारून घ्या. एका गाठीला एकदा. जप श्वासाला बांधण्याच्या जुन्या रीती आहेत, पण जाणत्या मार्गदर्शकाशिवाय त्या करू नका. श्वास ताणला की डोके दुखते, छाती धडधडते आणि त्यालाच लोक अनुभव समजतात.

चौथ्या आठवड्यासाठी प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर. १५३५ मध्ये त्याने आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची रीत लिहून दिली. प्रत्येक वचनाचे चार पदर करायचे: शिकवण, आभार, पापकबुली, मागणे. सुरुवातीला ५ मिनिटे प्रत्येकी.

मध्येच सारे कोरडे पडले तर? क्रूसाचा योहान (शुभवर्तमानकार नव्हे, सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत) तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्याही नाही. आपण मागे पडतोय ही टोचणी आहे. पूर्वीसारखे मनन जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर मनन सोडून शांत बसा. जगात गोडी टिकून असेल तर तो आळस आहे, झोप आणि वेळापत्रक तपासा.

गोव्यात असाल तर बसायला जुन्या गोव्यातले बाँ जेझू चर्च चालेल, मात्र २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्ताची (सणाची) गर्दी टाळा. मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) कोणीही बसू शकते. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला बिगर-कॅथलिकांनी पुढे जाऊ नये. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पालामासची चौकशी करू नका. ते मलंकरा सिरियन परंपरेचे आहे, इ.स. ४५१ ची खाल्सेदोन ही चर्चची परिषद न मानणारे, आणि पालामास बायझंटाईन शाखेचा. तिथे कुर्बाना (त्यांची मिस्सा) संपेपर्यंत थांबा आणि त्यांची स्वतःची प्रार्थना कशी चालते ते विचारा.