फेडरल काँट्रॅक्ट मिळालंय? मग ई-व्हेरिफायची तयारी (एकदा तोंडावर आपटून झाल्यावर लिहिलेली)

ई-व्हेरिफाय म्हणजे कर्मचाऱ्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का ते तपासायची सरकारी ऑनलाइन सिस्टिम. पेढे वाटून झाले असतील तर आधी काँट्रॅक्टची पीडीएफ उघडा आणि ५२.२२२-५४ हा नंबर शोधा, ती वापरायला लावणारं कलम हेच. इकडे सगळे त्याला 'फार क्लॉज' म्हणतात (फार, म्हणजे FAR, हे सरकारी खरेदीचे नियम) आणि तो आहेही फारच. सप्टेंबर २००९ पासून लागू आहे, त्यामुळे "आम्हाला माहीत नव्हतं" वगैरे कोणी ऐकून घेत नाही. तुम्ही सब, म्हणजे सबकाँट्रॅक्टर, आहात म्हणून सुटका नाही, प्राइमच्या (मुख्य काँट्रॅक्टरच्या) काँट्रॅक्टमध्ये क्लॉज असला आणि तुमचं काम सेवेचं किंवा बांधकामाचं असलं की तो झिरपत खाली येतोच.

अवॉर्डची, म्हणजे काँट्रॅक्ट मिळाल्याची, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. तिथून ३० दिवसांत ई-व्हेरिफायमध्ये फेडरल काँट्रॅक्टर म्हणून नोंदणी. कॅलेंडरचे दिवस हं, शनिवार-रविवार, थँक्सगिव्हिंग सगळं धरून.

आता 'फेडरल काँट्रॅक्टर म्हणून' हे तीन शब्द परत वाचा. आमचं अकाउंट सहा वर्षं जुनं, नवीन माणूस आला की मी त्याला सिस्टिममध्ये घालायचे, म्हणून म्हटलं आपलं तर झालेलंच आहे, आणि निवांत बसले. अडीच महिन्यांनी प्राइमच्या कम्प्लायन्सवालीची मेल आली, कंपनी प्रोफाइलचं पान पाठवा. पाठवायला उघडलं तर तिथे आम्ही साधे एम्प्लॉयर! बिल अडकलं ते अडकलंच. वर मी घाबरून त्याच रात्री जुने चौदा जण भरायला बसले, नवऱ्याने लॅपटॉप मिटला म्हणून वाचले, कारण साध्या एम्प्लॉयरला आधीपासून नोकरीत असलेल्यांना सिस्टिममध्ये घालायची परवानगीच नाही. ती फक्त फार क्लॉजवाल्यांना. म्हणजे प्रोफाइल आधी बदला, मगच जुन्या लोकांना हात लावा. अकाउंट असणं वेगळं आणि प्रोफाइल बदललेलं असणं वेगळं. बदलल्यावर ट्यूटोरियल परत करायला लागतं, कंटाळवाणं आहे, करा. आणि त्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावा.

मग माणसांची यादी. नवीन येणारे सगळे, मग ते या काँट्रॅक्टवर असोत नसोत. जुन्यांपैकी जे प्रत्यक्ष या कामावर आहेत तेवढेच. पगार काढणारी, रिसेप्शनवरची यांना घालायची गरज नाही. जुन्यांसाठी नोंदणीपासून ९० दिवस किंवा कामावर नेमल्यापासून ३० दिवस, जे उशिराचं असेल ते. ज्यांचा सिक्युरिटी क्लिअरन्स चालू आहे ते वगळता येतात. आणि यादी करताना मध्येच उठून बघा, प्रोफाइल बदललंय ना?

आय-नाइन फॉर्म, म्हणजे नोकरीवर घेताना ओळख आणि कामाची परवानगी बघून भरायचा तो; ई-व्हेरिफायमध्ये माहिती यातूनच जाते. जुन्यांचे काढाल तेव्हा अर्ध्यांवर सही नसेल, तारीख चुकलेली असेल, तयारी ठेवा. लिस्ट बीचं (फक्त ओळख पटवणारं) कागदपत्र असेल तर त्यावर फोटो हवाच. सोशल सिक्युरिटी नंबर हवाच. पण "तुझं ग्रीन कार्डच दाखव" असं म्हणायचं नाही, कुठलं कागदपत्र आणायचं ते माणूस ठरवतो. आपल्या लोकांना ही सवय जरा जडच जाते, आपल्याला सगळ्याच्या झेरॉक्स लागतात.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास. आमच्याकडच्या एकीचा सोशल सिक्युरिटी नंबर लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाने, ग्रीन कार्डवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. सिस्टिमने मिसमॅच दाखवला, बिचारी रडायलाच आली की आता नोकरी गेली. जात नाही. तिला एकटीला बाजूला बसवून नोटीस द्यायची, मिसमॅच चूक आहे म्हणून ती लढणार असेल तर केस पुढे पाठवायची, मग तिला ८ सरकारी कामकाजाच्या दिवसांत सोशल सिक्युरिटी ऑफिसात जायचं असतं. तोपर्यंत काढायचं नाही, बेंचवर बसवायचं नाही, पगार कापायचा नाही. त्यापेक्षा आधीच सगळ्यांना सांगा, नाव बदललं असेल तर सोशल सिक्युरिटीत कळवून या.

ऑफर स्वीकारायच्या आधी कोणाला 'जरा चेक करून बघू' म्हणून टाकायचं नाही. नवीन माणूस रुजू झाल्यापासून कामाचे ३ दिवस, बस.

पोस्टर दोन, दोन्ही इंग्रजीतही आणि स्पॅनिशमध्येही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. तुमच्याखाली सब असतील तर त्यांच्या प्रोफाइलचं पान मागा, "आमचं आहे हो अकाउंट" यावर विश्वास ठेवू नका, मीही हेच म्हणत होते. सरकार शटडाउनमध्ये गेलं तर ई-व्हेरिफाय बंद पडू शकतं, २०१८-१९ मध्ये पडलं होतं, आय-नाइन मात्र तेव्हाही वेळेतच भरायचा. फॉर्म कधी फाडायचे ते अकाउंटंटला विचारा, मी आता दमले.

काँट्रॅक्ट संपलं आणि दुसरं हातात नसलं की प्रोफाइल परत साधं करा, नाहीतर पुढची कोणीतरी जुन्यांना घालत बसेल.