कॅसची फाईल शेवटच्या महिन्यात रंगवू नका

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वयातल्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षी मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "कॅसला मार्कच नाहीत ना, मग बघू नंतर!" मार्क नाहीत हे खरं. एकूण ४५ गुणांपैकी ४२ सहा विषयांचे, उरलेले ३ थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय याचा विचार करणारा विषय) आणि एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधन-निबंध) मिळून. कॅसच्या, म्हणजे क्रिएटिव्हिटी, अ‍ॅक्टिव्हिटी, सर्व्हिस (कला-निर्मिती, खेळ-व्यायाम, समाजसेवा) या विषयांबाहेरच्या सक्तीच्या उपक्रमांच्या वाट्याला शून्य. पण कॅस अपुरं राहिलं, तर चाळीस गुण मिळवूनही डिप्लोमा मिळत नाही.

आणि ते अडतं कुठे? मुलांनी काही केलंच नाही म्हणून क्वचितच. नाटक केलेलं असतं, पोहणं सुरू असतं, लहान मुलांना शिकवून झालेलं असतं. फक्त कुठे काही लिहिलेलं नसतं. मग शेवटच्या महिन्यात दीड वर्षाच्या आठवणी एका बैठकीत लिहिल्या जातात, आणि त्या तशाच वाचल्या जातात.

तासांचा हिशेब

मोठी भावंडं, ओळखीचे पालक अजून "दीडशे तास भरले का?" असं विचारतात. १५० तासांचा तो नियम केव्हाच गेला. आता अपेक्षा आहे ती किमान १८ महिने, तिन्ही अंगांचा साधारण तोल राखून, सातत्याने काहीतरी करत राहण्याची. सुट्टीतल्या एका शिबिरात सगळं उरकलं आणि पुढे वर्षभर शांतता, असं चालत नाही. प्रमाणपत्रांची चळतही फारशी कामाची नाही. प्रमाणपत्र तुम्ही हजर होतात एवढंच सांगतं.

"खूप शिकायला मिळालं"

रिफ्लेक्शनमधलं, म्हणजे उपक्रमाच्या अनुभवावर विचार करून केलेल्या नोंदीतलं, हे सगळ्यात घातक वाक्य. नमुना पाहा : "आज वृद्धाश्रमात गेलो. आजी-आजोबांना मोबाइल शिकवला. छान वाटलं. खूप शिकायला मिळालं." यात खोटं काही नाही, पण हे कुणीही, न जाताही, लिहू शकेल. आता हे वाचा : "आजोबांचं बोट चुकलं की मी फोन त्यांच्या हातातून काढून घ्यायचो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, 'तूच कर बाबा.' पुढच्या वेळी हात मागे बांधून बसलो. अर्धा तास गेला, पण फोन त्यांनीच लावला. मदत आणि घाई यांतला फरक मला आधी का दिसला नाही?" काय झालं, काय वाटलं, काय सुचलं आणि कोणता प्रश्न उरला, हे चारही धागे त्यात आहेत. लांबी मात्र पाच-सहा ओळींचीच. निबंध कुणी मागितलेला नाही. फोटोखाली बोलून ठेवलेला ऑडिओही चालतो. दर वेळी लिहायलाच हवं असंही नाही. काहीतरी खटकलं, जमलं किंवा फसलं, त्या दिवशी लिहा. फसलेलं तर आवर्जून लिहा. मुलं नेमकं तेच लपवतात.

जे धरलं जात नाही ते

पैसे घेऊन केलेलं काम नाही. विषयाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दिलेला प्रकल्प किंवा एक्स्टेंडेड एसेचं काम कॅसमध्ये पुन्हा दाखवणंही नाही. लहानपणापासून चालू असलेला खेळ चालतो, पण त्यात नवीन आव्हान हवं : स्वतः खेळण्यासोबत लहान गटाला शिकवणं, किंवा नवा पल्ला ठरवून त्याची तयारी करणं.

सर्व्हिसमध्ये बहुतेकदा चुकून उलट्या बाजूने सुरुवात होते. आधी जुने कपडे गोळा करायचे, मग ते कुणाला हवेत हे शोधायचं. आधी विचारा. कदाचित त्यांना कपडे नकोच असतील, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारं कुणीतरी हवं असेल.

प्रोजेक्ट आणि ते दोन निकष

कॅस प्रोजेक्ट किमान महिनाभराचा आणि इतरांसोबत केलेला असावा लागतो. एका दिवसाची स्वच्छता मोहीम म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. महिनाभराची पाहणी, आखणी, तयारी आणि नंतरचा आढावा जोडला तर होईल.

कॅसमधून काय साधायचं याचे सात निकष ठरलेले आहेत; त्यांपैकी प्रत्येकाचा पुरावा फाईलमध्ये कुठे ना कुठे हवा. प्रत्येक उपक्रमात सातही कोंबायची गरज नाही. शेवटी रिकामे राहतात ते बहुधा दोन : जागतिक महत्त्वाचा प्रश्न आणि कृतीची नैतिक बाजू. त्यासाठी वेगळं काही उभारायची गरज नसते. गोळा केलेलं प्लास्टिक पुढे कुठे जातं याचा माग काढा. लहान मुलांचे फोटो टाकण्याआधी परवानगी कुणाची, यावर गटात वाद झाला असेल तर तो लिहा.

उशीर झालाच असेल तर

जुन्या तारखा टाकून नव्या नोंदी बनवू नका. एकाच शाईचा वास लगेच येतो. फोनमधले फोटो, गटातले मेसेज, सरावाचं वेळापत्रक काढा, ते त्यांच्या खऱ्या तारखांसह लावा आणि खाली सरळ लिहा : "हे आज मागे वळून लिहितोय." मग कोणता निकष रिकामा आहे ते पाहून एकच नवीन उपक्रम धरा, पाच नको. कोऑर्डिनेटर किंवा सल्लागारासोबत तीन मुलाखती ठरलेल्या असतात : सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मधली टाळली असेल, तर ती याच आठवड्यात मागून घ्या आणि अर्धवट फाईल आहे तशी घेऊन जा.