निओप्रीन पँट घेताय? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की ठाण्यातल्या पोरापोरींचे ऋषिकेशचे प्लॅन सुरू होतात आणि लगेच फोन, "दादा, कयाकिंगला निओप्रीन पँट किती एमएम जाडीची घेऊ?" अरे, आधी नदी कुठली, महिना कुठला, आणि ती पँट घालून तू कयाकमध्ये, म्हणजे त्या अरुंद होडीत, बसून बघणारेस का, ते सांग की. एमएमचं नंतर बघू.

जास्त जाड म्हणजे जास्त भारी, ही सगळ्यांची लाडकी चूक. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे भरलेलं रबर, ऊब त्या बुडबुड्यांमुळे टिकते, त्यामुळे जाड असेल तितकं गरम हे खरंच आहे, पण स्कूबावाला पाय लांब करून पोहतो आणि तुम्ही गुडघे दुमडून, फाकवून, थाय ब्रेसखाली (मांड्या अडकवायच्या आधाराखाली) अडकवून बसता. घोडबंदर रोडचा एक पोरगा स्वस्तात सेकंडहँड मिळाली म्हणून पाच एमएमची डायव्हिंगची पँट घेऊन कोलाडला आला, तेही एप्रिलमध्ये. तिथल्या कुंडलिका नदीचं कसंय, वर भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार झाली की ते पाणी सकाळी खाली येतं, तोवर काठावर बसून राहायचं. या पठ्ठ्याने गाडीतून उतरल्या उतरल्याच पँट चढवलेली. पाणी येईस्तोवर तोंड लालबुंद, काढ म्हटलं तर "नको दादा, परत घालायला वेळ लागतो". मग कॉकपिटमध्ये, म्हणजे कयाकच्या बसायच्या जागेत, मावेना, तर कमरेच्या बाजूचे हिप पॅड काढून टाकले आणि कोंबून बसला. पहिल्याच रॅपिडच्या (खळाळत्या पाण्याच्या) खाली उलटा झाला, रोल, म्हणजे बसल्या बसल्या कयाक परत सुलटी करणं, लागेना, कमरेभोवतीचं झाकण म्हणजे स्प्रे डेक ओढला पण गुडघे काही ब्रेसखालून सुटेनात, नुसता कयाकच्या बुडावर हात आपटत होता. माझ्या कयाकचं टोक हातात दिलं तेव्हा कुठे ते धरून वर आला. गुडघ्यामागची कातडी सोलवटली ती वेगळीच.

माझा हिशोब असा. कोलाडला अर्धा ते एक एमएम, ती पण थंडीसाठी नाही, दगड आणि कयाकच्या आतल्या घासण्यासाठी. केरळात पावसाळ्यात गेलात तर शॉर्ट्सवर भागतं. ऋषिकेशला डिसेंबर-जानेवारीत दीड ते दोन, आतून फ्लीसचं अस्तर असेल तर बेस्ट, वर ड्राय टॉप (पाणी आत न येणारं जॅकेट). झांस्करला जायचं असेल तर पातळ पँटचा नाद सोडा, ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा पूर्ण सूट, बघा.

दुसरी चूक म्हणजे आरशासमोर उभं राहून साईज ठरवणं. उभं राहिल्यावर सगळ्यांनाच छान बसते हो. जमिनीवर बसा, तळवे टेकवा, गुडघे बाहेर, आणि रोल मारायच्या आधी वाकता तसं पुढे वाका. आता मागे हात लावून बघा, कंबर खाली सरकून पाठ उघडी पडली का? पडली तर प्रत्येक रोलला तिथून गार पाणी आत शिरणार, मग दोन एमएम असो नाहीतर तीन, उपयोग शून्य. पातळ पँटमध्ये सगळी मदार फिटिंगवरच आहे, कारण आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाने कोमट होऊन तिथेच राहायला हवं. म्हणून मी कायम उंच कमरेची आणि नाडीवाली घेतो. गुडघ्यामागे चिमटीत खूप कापड आलं तर एक साईज खाली, आणि बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तर एक वर. दुकानदार "वापरून सैल होते" म्हणाला तर हसून बाहेर पडा.

ऑनलाइन "निओप्रीन" शोधून घाम काढायच्या, पोट कमी करायच्या पँट मागवणारे पण आहेत बरं का! ती शिलाई कयाकमध्ये बसण्यासाठी नसते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काठावर उकिडवं बसलात की टर्र. पातळ पँटला चपटी फ्लॅटलॉक शिलाई पुरते, फक्त ती बरोबर बुडाखाली यायला नको, तिथे अखंड पॅनल बघा.

बाहेरून गुळगुळीत रबर असलेली पँट वारा छान अडवते पण नखाने फाटते. नखं कापा, आणि पाय घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवा, सर्रकन जातो. आत कॉटनची चड्डी नको. धुवायला मशीन नको, इस्त्री तर अजिबातच नको (होय, केलीये एकाने). गॅलरीत कडक उन्हात टाकू नका, रबर कडक होतं, उलटी करून सावलीत दांडीवर आडवी टाका आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही म्हणून कुरकुर करू नका.

पँटचा पाय लांब असेल तर अल्टरवाल्याकडे नेऊ नका. निओप्रीनचे धागे सहसा सुटत नाहीत, सरळ कात्रीने कापा आणि शिलाईच्या टोकाला वेटसूटचा (निओप्रीनच्या सूटचा) गोंद लावून टाका. कात्री मात्र स्वतःची घ्या, आईची शिवणकामाची नको, रबर कापून तिची धार जाते.